सुट्टीत फेलूदा वाचायचाय? वेरूळपासून सुरू करा!

नमस्कार मंडळी! परीक्षा संपल्या, नाशकात दुपारी बाहेर पाय ठेववत नाही आणि घरोघरी मुलं मोबाइलला चिकटलीत. त्यांना एक पुस्तक संपलं की लगेच पुढचं मागावंसं वाटेल, अशी रहस्यमालिका आज सांगते. फेलूदा!

सत्यजित राय यांनी हा गुप्तहेर १९६५ साली 'संदेश'मध्ये आणला. हो, सिनेमावाले सत्यजित राय. आणि 'संदेश' हे त्यांच्या आजोबांनी सुरू केलेलं मुलांचं बंगाली मासिक. मराठीत या कथा अशोक जैन यांच्या अनुवादातून आल्या, रोहन प्रकाशनाने काढल्या.

क्रमाने वाचायची अजिबात गरज नाही. आपण नाशिककरांनी सरळ वेरूळची गोष्ट उचलावी. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं मुंडकं कुणीतरी कापून नेलंय. ते विकत घेतलेल्या परदेशी माणसाचं विमान कोसळतं, आणि माग काढत फेलूदा येऊन पोचतो थेट कैलास लेण्यापाशी. पुढचं सांगणार नाही.

ही गोष्ट १९७३ची. पुरातन मूर्ती देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून केलेला कायदा १९७२चा, तो लागू झाला १९७६ला. म्हणजे राय लिहीत होते तेव्हा हे दुखणं अगदी ताजं होतं. म्हणूनच फेलूदाचा संताप खरा वाटतो.

गोष्ट सांगतो त्याचा चुलतभाऊ तोपशे. त्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. फेलूदाच्या डोक्यात काय शिजतंय ते कळत नाही, पण खुणा सगळ्या पानावर असतात. चोर कळला की मागे जाऊन बघा, लेखकाने कुठेही फसवलेलं नसतं. मला ही मालिका आवडते ती यासाठी.

पुस्तक संपलं की उन्हं चढायच्या आत मुलांना घेऊन पांडवलेणीवर जा. तीन नंबरच्या लेण्यापुढे जरा वाका. जड तुळया खांद्यावर पेलणारे बुटके गण दिसतील. एकेकाचा चेहरा नीट बघा. यातलं एखादं डोकं छिन्नीने उडवून कुणी विकलं तर? मुलं हा प्रश्न आपणहून विचारतील.

दहा वर्षांपुढच्या मुलांना चालेल. फेलूदा चारमिनार सिगारेट ओढतो, तेवढं आधी बोलून घ्या.

दुसरं पुस्तक राजस्थानातल्या सोन्याच्या किल्ल्याचं घ्या. जटायू, म्हणजे रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू, पहिल्यांदा भेटतात ते तिथे. उंट पोटात पाणी साठवतो असं त्यांनी बिनधास्त छापलेलं असतं आणि फेलूदा त्यांना मदारीतल्या चरबीबद्दल सांगतो. हा माणूस आला की गोष्टीला बहार येते.

सावानाचे, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकचे, सभासद असाल तर टिळकपथावर आधी चौकशी करा. १८४०पासूनचं वाचनालय आहे आपलं! तिथे नसेल तर पुस्तकांच्या दुकानात 'फेलूदातली वेरूळची गोष्ट' एवढंच सांगा.