‘थोडं थांब’ हे कुणाला सांगायचं?

समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर माणसांबद्दल आपल्या धर्मसमुदायाची भूमिका पटत नाही म्हणून कुणी बाहेर पडलं, की मागे राहिलेल्यांचं एक म्हणणं हमखास कानावर येतं : घाई केलीस, आत राहून बदल घडवायला हवा होता. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या थांबण्याची किंमत कोण मोजतं, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्च या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाचं बघा. समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे, असं वाक्य त्यांच्या नियमांत १९७२ साली आलं. ते निघायला २०२४ साल उजाडलं. मधल्या काळात धर्मसभांमधून लोक उठून बोलत राहिले आणि हरत राहिले. २०१९च्या विशेष सभेत तर समलैंगिक पाळकांवरची (धर्मगुरूंवरची) आणि समलिंगी विवाहांवरची बंदी आणखी कडक करणारा ठराव ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी मंजूर झाला. त्यानंतर अमेरिकेतल्या सुमारे ७,६०० मंडळ्या (स्थानिक चर्च), म्हणजे तिथल्या जवळपास पाव मंडळ्या, चर्चमधून बाहेर पडल्या. त्यांतल्या बहुतेकींना बंदीच हवी होती. त्या गेल्यावर मग २०२४मध्ये नियम बदलला. आत टिकून राहिलेल्यांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे. पण १९७२ साली वीस वर्षांची असलेली मुलगी तोवर बहात्तर वर्षांची झाली होती. तिचं प्रेम, तिचा संसार, पाळक व्हायची तिची इच्छा, सगळं त्या एका वाक्याच्या सावलीत गेलं. ती मधेच कधी निघून गेली असेल, तर तिला उतावळी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन चर्च या ख्रिस्ती पंथाची गोष्ट मला याहून जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे झळ मुलांना बसली. नोव्हेंबर २०१५मध्ये नियम आला, की समलिंगी विवाह करणारे धर्मत्यागी ठरतील आणि अशा जोडप्यांच्या घरी वाढणाऱ्या मुलांना अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत बाप्तिस्मा, म्हणजे चर्चमध्ये सामील होण्याचा जलसंस्कार, मिळणार नाही. अठरानंतरही तो हवा असेल, तर समलिंगी सहजीवन आपल्याला अमान्य आहे असं सांगायचं आणि त्या पालकाच्या घरात राहत नसायचं. या चर्चमध्ये मुलांचा बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो. बरोबरीची मुलं पुढे जाताना एकाच मुलानं मागे बसायचं, आणि का, तर त्याच्या आईचं एका बाईवर प्रेम आहे म्हणून! चर्चचं मुख्यालय असलेल्या सॉल्ट लेक सिटीत शेकडो लोक निषेधासाठी जमले आणि अनेकांनी सभासदत्वाचे राजीनामे दिले. एप्रिल २०१९मध्ये नियम मागे घेतला गेला. संस्थेच्या दृष्टीनं साडेतीन वर्षांहूनही कमी काळ, म्हणजे काहीच नाही. आठ वर्षांचं मूल मात्र तोवर अकरा वर्षांचं झालं होतं.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेतल्या पीआरआरआय या सर्वेक्षण संस्थेनं धर्म सोडलेल्यांना कारणं विचारली. एलजीबीटीक्यू लोकांबद्दलची नकारात्मक शिकवण हे महत्त्वाचं कारण म्हणणारे २०१६मध्ये २९ टक्के होते, २०२३मध्ये ४७ टक्के.

निघालेल्या प्रत्येकाची श्रद्धा आटलेली असते, असंही नाही. अमेरिकेतले ट्रॉय पेरी पेन्टेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाचे पाळक होते. समलैंगिक असल्यामुळे त्यांना ते पद सोडावं लागलं. १९६८मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या आपल्या घरात उपासना सुरू केली, तेव्हा बारा माणसं आली. त्यातूनच मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं आणि अनेक देशांत पसरलं.

पण सगळ्यांना असं नवं घर मिळत नाही. बाहेर पडलेल्याला सिद्धांतांची आठवण क्वचितच येते. आठवते ती सोबत म्हटलेली प्रार्थना, आजारपणात उशाशी बसलेली माणसं. आणि ती माणसं अचानक यायची थांबतात, हे फार लागतं. ज्यांना आत राहून झगडायचं आहे, त्यांनी जरूर राहावं. फक्त हा विषय मतदानाला येईल तेव्हा हात सगळ्यांना दिसेल असा वर करा. आणि जो निघून गेला, त्याच्या घरी तुमचं जाणं-येणं चालू ठेवा. त्यासाठी कुठल्याही धर्मसभेचा ठराव लागत नाही.