कॅप्टन वॉल्टनचं दुकान

(दृश्य: बेंटनव्हिल, अर्कान्सा. संग्रहालयातली लाल-पांढरी पिकअप.)

१९७९ सालची फोर्ड. मागे शिकारी कुत्र्यांचे पिंजरे. १९८५ साली 'फोर्ब्स'नं या गाडीच्या मालकाला अमेरिकेतला सगळ्यात श्रीमंत माणूस ठरवलं, तेव्हाही तो हीच गाडी चालवत होता.

सॅम वॉल्टन. वॉलमार्टवाला. २०१८ साली फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा वॉलमार्टनं घेतला. त्यानंतर तुम्ही तिथून काही मागवलं असेल, तर त्याच्या कंपनीचे तुम्हीही गिऱ्हाईक. पण दुकान नंतर. आधी ही छावणी बघा.

(दृश्य: फोर्ट डग्लस, सॉल्ट लेक सिटी. लाल दगडी इमारती.)

दुसरं महायुद्ध चालू होतं. धाकटा भाऊ बड पॅसिफिकमध्ये विमानवाहू जहाजावरून नौदलाची बॉम्बर उडवत होता. सॅमच्या हृदयाच्या ठोक्यांत मात्र किरकोळ दोष निघाला, आणि आघाडीवर जायचं राहिलं ते राहिलंच. कॉलेजात लष्करी शिक्षण झालेलं, म्हणून अधिकारी झाला. पण काम मायदेशातच. विमानांचे कारखाने आणि युद्धकैद्यांच्या छावण्या, यांच्या सुरक्षेवर देखरेख. कॅप्टनपदापर्यंत चढला. आपली लष्करातली नोकरी तशी साधीच होती, हे पुढे आत्मचरित्रात त्यानंच कबूल केलंय.

साधी असेल. पण या शेवटच्या नेमणुकीत ड्यूटी संपली की कॅप्टनसाहेब गावातल्या वाचनालयात जायचे आणि दुकानदारीवरची असतील नसतील ती पुस्तकं घेऊन यायचे. उरलेला वेळ झेडसीएमआय या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चच्या, मोठ्या दुकानात. पहाऱ्यावरच्या माणसाकडे कॅमेरा सहसा वळत नाही. आम्ही मुद्दाम वळवला.

(दृश्य: काउंटर. तपकिरी कागद, सुतळी, दोन हात.)

हे वेड सैन्यातलं नव्हे. १९४० साली पदवी हातात पडली आणि तीनच दिवसांनी तो आयोवातल्या डे मॉइन गावी जे. सी. पेनीच्या दुकानात रुजू झाला. पगार महिना ७५ डॉलर. अक्षर गिचमिड, पावत्या चुकलेल्या, वरिष्ठ वैतागलेले. एके दिवशी खुद्द मालक पेनी दुकानात आले आणि पुडकं कसं बांधायचं ते त्यांनी करून दाखवलं: कागद कमीत कमी, सुतळी त्याहून कमी, आणि तरी पुडकं नीटनेटकं. सुतळीचा वाचलेला वीतभर तुकडा म्हणजे नफाच की!

(दृश्य: न्यूपोर्ट, अर्कान्सा. जुना बाजाररस्ता.)

१९४५. अंगावरचा गणवेश उतरला. पत्नी हेलननं बजावलेलं, दहा हजारांहून जास्त वस्तीच्या गावात मी राहणार नाही. म्हणून हे छोटं न्यूपोर्ट. बेन फ्रँकलिन या स्वस्त मालाच्या दुकानांच्या साखळीतलं एक दुकान, किंमत २५ हजार डॉलर. त्यातले पाच हजार स्वतःचे, वीस हजार सासऱ्यांकडून उसने.

आता हिशोब ऐका. बायकांच्या सॅटिनच्या चड्ड्या साखळीकडून डझनाला अडीच डॉलरला पडायच्या. विक्री डॉलरला तीन. न्यूयॉर्कचा एक दलाल तोच माल दोन डॉलरला देत होता. सॅमनं तो उचलला आणि डॉलरला चार लावल्या. डझनामागे नफा दीड डॉलरवरून एकावर आला, पण माल इतका उठला की गल्ला आधीपेक्षा जड. वॉलमार्टचं सगळं शास्त्र या चड्ड्यांत आलं.

दुकानाबाहेर पॉपकॉर्नचं मशीन. मग बँकेकडून १,८०० डॉलर कर्ज काढून आइस्क्रीमचंही. पाच वर्षांत वर्षाची विक्री ७२ हजारांवरून अडीच लाख डॉलरवर.

(दृश्य: भाडेकरार, क्लोजअप. बोट एका रिकाम्या जागेवर थांबतं.)

आणि इथे गडी फसला. करारात नूतनीकरणाचं कलमच नव्हतं. जागामालकाला चालतं दुकान आपल्या मुलासाठी हवं होतं. १९५० साली त्यानं भाडेपट्टा वाढवायला नकार दिला. छावण्यांची सुरक्षा तपासलेल्या माणसानं स्वतःच्या दुकानाचं दार असं उघडं ठेवलं होतं.

(दृश्य: बेंटनव्हिलचा चौक, 'वॉल्टन्स फाइव्ह अँड टेन'ची पाटी.)

बेंटनव्हिलला आल्यावर ही चूक पुन्हा नाही. दुकान वाढवायला शेजारच्या न्हाव्याची जागा लागणार होती. तिचा करार ९९ वर्षांचा. २ जुलै १९६२ रोजी जवळच रॉजर्स गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं. त्यानंतर गावोगावची छोटी दुकानं बंद पडली, पगार आणि युनियनवरून भांडणं झाली, ती आजही चालू आहेत.

(दृश्य: १७ मार्च १९९२. व्हीलचेअर. राष्ट्राध्यक्ष बुश पदक देतात.)

देशाचं सर्वोच्च नागरी पदक, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. ते द्यायला राष्ट्राध्यक्ष बेंटनव्हिलला आले. १९ दिवसांनी, ५ एप्रिलला, सॅम वॉल्टन गेला.

(इथून निवेदन नाही. सभागृहातल्या टाळ्या, मग चौकातल्या दुकानाचं दार.)