पातेरा

(दृश्य: माघातली सकाळ. शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. हिरांच्या खराट्याचा आवाज.)

कोकणात सकाळ उजाडते ती या आवाजाने. आंब्याची, फणसाची, काजूची गळलेली पानं खळ्याच्या कडेला गोळा होतात आणि घटकाभरात घरामागून निळसर धूर वर चढतो. या गळलेल्या पानांना आमच्याकडे पातेरा म्हणतात. लहानपणापासून मी तो जळतानाच पाहिला. खळं झाडलं, पातेरा पेटवला, की सकाळचं काम झालं.

मालवण तालुक्यातल्या या वाडीत रविवारी सात वाजता काहीतरी वेगळं दिसतं. दहा-बारा माणसं गोणपाट आणि टोपल्या घेऊन घरोघर फिरत असतात. निवृत्त शिक्षिका आहेत, बारावीची मुलं आहेत, रिक्षा चालवणारे दादा आहेत. कुणाला एक पैसा मिळत नाही. पातेरा भरायचा आणि विहिरीपलीकडच्या बागेत नेऊन पसरायचा, एवढंच त्यांचं काम. भाताच्या तरव्याला, म्हणजे रोपांच्या वाफ्याला, ज्यांना भाजावळ करायची असेल, पाला जाळून माती भाजायची असेल, त्यांच्या वाट्याची पानं त्यांना ठेवून मगच.

(दृश्य: जांभ्या दगडाचा गडगा. आत शिरणारी पायवाट.)

बागेची ही जागा सामायिक. सातबाऱ्यावर इतकी नावं, की कुणी एकाने ती कधी कसलीच नाही. रानमोडीचं तण माजलं होतं. आज इथे गडग्याला लागून कढीलिंब आणि लिंबू आहे, खाली रुई आहे, कुंपणावर शेरवड चढलेली आहे. भाजीचे वाफे आहेत, पण ते बागेच्या एका अंगाला. उरलेली जागा पाखरांची, फुलपाखरांची, बेडकांची.

लिंबाच्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं, तर हात लावू नका. जवळून बघा. ती अळी आहे. ब्लू मॉरमॉनची असू शकते. ही राणी पाकोळी 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झाली, आणि तिची अंडी लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच घातली जातात. पहिल्या वर्षी इथल्या लिंबांवर आम्ही औषध मारलं होतं. पानं हिरवीगार राहिली. त्या वर्षी एकही काळं-निळं पंख बागेत फिरलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

(दृश्य: दाताळ्याने पसरला जाणारा पातेरा.)

पण या बागेचा जीव झाडांत नाही, झाडांखाली आहे.

आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. चैत्रात विहिरीचा तळ दिसायला लागतो. अशा वेळी वीतभर जाडीच्या पातेऱ्याखाली हात लावून बघितला, तर माती गार लागते. त्या गारव्यात गोगलगायी असतात, गांडुळं असतात. आणि काजव्यांच्या अळ्या असतात. काजवा आपल्याला दिसतो तो दोन-तीन आठवडे. आयुष्याचा बहुतेक काळ तो जमिनीवर, ओलाव्यात, गोगलगायी खात अळी म्हणून काढतो. पातेरा पेटवला की पुढच्या जूनमधला उजेडही त्याबरोबर जातो.

वाडीतल्या एका आजींना हे पटायला वेळ लागला. त्यांनी शिक्षिकाबाईंना दारातच विचारलं होतं, "गो बाय, कचरो कित्याक साठवतंस? सोरप येतलो."

आजींचं खरं होतं. हा फुरशांचा मुलूख आहे. पातेऱ्याच्या रंगाचं, वीत-दीड वीत लांबीचं फुरसं पायाखाली आलं तरी कळत नाही, आणि ते नाग, मण्यार, घोणस यांच्याच पंगतीतलं विषारी आहे. म्हणून इथे पातेऱ्यात हात घालायचा नाही. दाताळं वापरायचं, पायात गमबूट, संध्याकाळी हातात बॅटरी. ढीग घरापासून लांब. धामण दिसली तर मात्र तिला वाट द्यायची. उंदरांसाठी तिच्यासारखा राखणदार नाही.

दुसरी भीती वणव्याची. फाल्गुनात माळावर कुणी विडी टाकली तरी काजूच्या बागा जळतात. म्हणून होळीच्या आत सगळे मिळून बागेभोवती पुरुषभर रुंदीची पट्टी काढतात. गवत नाही, पान नाही, नुसती लाल माती. या कामाला सगळ्यात जास्त हात लागतात, आणि नेमके तेव्हा परीक्षांचे दिवस असतात.

मे महिन्यात पाणी. टाकीत एक तिरकी फळी टाकलेली आहे, पाण्यात पडलेला बेडूक, खार किंवा मुंगूस तिच्यावरून बाहेर येतो. वानर येतात, पपई खातात. त्यावर उपाय सापडलेला नाही.

(दृश्य: काळोख. पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला.)

मृगाच्या आगेमागे नवरंग येतो. दक्षिणेतून आणि श्रीलंकेतून इकडे वीण करायला येणारा हा पक्षी. पायांनी, चोचीने एकेक पान उलटतो आणि खालचा किडा उचलतो. घरटंही सुक्या पानांचं, गवताचं, गोलसर. पाहुण्याला पाट मांडावा तसा आपण चार महिने अंथरलेला पातेरा त्याच्या कामी येतो.

आणि रात्री काजवे. नर लुकलुकून मादीला साद घालतो. आपल्या दिव्याच्या झोतात ती साद विझते. त्यामुळे या तीन आठवड्यांत बागेच्या दारातली ट्यूब बंद असते. ती बंद करायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलं आहे. सात वाजता त्या ओटीवरून उठतात, बटण दाबतात, आणि तिथेच बसून राहतात.

(दृश्य: भाद्रपद. वेलावर कवंडळाची लालभडक फळं.)

गणपतीला चाकरमानी येतात. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची चौकट, बांधायला कवंडळं हवीत, कांगणी हवी, शेरवडाची पांढरी पानं हवीत. पूर्वी त्यासाठी डोंगर चढावा लागे, आता बागेत मिळतं. घेण्याआधी प्रत्येकाने अर्धा तास रानमोडी उपटायची, असा इथला रिवाज पडला आहे. पावसाने माती मऊ असते, मूळ सबंध हाती येतं, आणि फुलं धरायच्या आत ती गेली तर वाऱ्यावर उडणारं बी पडत नाही. मुंबईहून आलेली पोरं चिखलाने माखतात.

मग कवंडळं काढायची. हाताला पोचतील ती माटवीची. वरची पाखरांची.