तीन सूर्यांचं कार्ड

(दृश्य : महापे, ठाणे-बेलापूर रस्ता. दिवेलागण. कंपन्यांच्या बसगाड्या सुटताहेत.)

समोरच्या इमारतीला खिडक्या जवळजवळ नाहीतच. आत सर्व्हरची कपाटं आहेत आणि कॅमेरा आत न्यायला बंदी, म्हणून आपण रस्त्याच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी उभे आहोत. माझा एक शाळासोबती इथे काम करतो. गोष्ट आमच्या दोघांच्या एका जुन्या वेडाची आहे.

(दृश्य : नौपाड्यातली गल्ली, जुने फोटो.)

२००२ चा मे. परीक्षा संपलेली. नौपाड्यातल्या सायबर कॅफेत आम्ही दोघांत मिळून एक तास विकत घ्यायचो आणि त्यातला बराचसा एक फोटो वरून खाली उतरण्यातच जायचा. फोटो होता येऊ घातलेल्या ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र मॉनिटरवर काढणाऱ्या पाटीचा. नाव पार्हेलिया, कंपनी मॅट्रॉक्स.

मॅट्रॉक्स ही कॅनडातली, मॉन्ट्रियलजवळच्या डॉर्व्हलची, १९७६ सालची कंपनी. मॅटिच आणि ट्रॉटिए या दोन संस्थापकांच्या आडनावांचे तुकडे जोडून तिचं नाव झालं. एनव्हिडिया आणि एटीआय या कार्डं बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांच्या कुस्तीत ती कडेला उभी असायची, पण तिच्या कार्डावर अक्षरं इतकी रेखीव दिसत की एकदा पाहिलेला माणूस दुसऱ्या कार्डाला नाकं मुरडायचा. १९९९ च्या जी४०० ने एका कार्डावर दोन मॉनिटर चालवून दाखवले होते. आता तीन चालणार होते.

सूर्याला खळं पडतं तेव्हा कधी कधी त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला आणखी दोन सूर्य भासतात. पार्हेलिया म्हणजे ते खोटे सूर्य. मधला मॉनिटर समोर, दोन बाजूंना दोन, आणि खेळ तुमच्या भोवती वळलेला! किंमत ३९९ डॉलर. डॉलर तेव्हा ४९ रुपयांच्या आसपास होता. हिशेब आम्ही वहीच्या मागच्या पानावर केला आणि पान उलटलं. शिवाय १७ इंची काचेचे तीन डबे वन रूम किचनमध्ये ठेवायचे कुठे? आईने विचारलं असतं, देव्हारा कुठे हलवू?

(दृश्य : ठाणे स्टेशन, दादरचा पूल, ग्रँट रोड.)

तरी कार्ड बाजारात आल्याचं कळताच लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईचा कॉम्प्युटर बाजार, गाठला. ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. दुकानदाराने मान वरसुद्धा केली नाही. "मॅट्रॉक्स? ते शेअरवाले नेतात. गेम खेळायचाय ना बाळा? जीफोर्स घे."

खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं.

पार्हेलियाचा मेमरीकडे जाणारा रस्ता २५६ बिटांचा, सेकंदाला १७.६ गिगाबाइट वाहून नेणारा. एनव्हिडियाच्या जीफोर्स ४ टीआय ४६०० चा १०.४. कागदावर सामना एकतर्फी. पण पार्हेलियाचा चिप चालायचा २२० मेगाहर्ट्झवर, समोरचा ३०० वर. त्याहून मोठी चूक निराळीच होती. भिंतीमागे लपलेली, कोणालाच न दिसणारी वस्तू रंगवायची नाही, एवढं व्यवहारज्ञान प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या चिपांत घातलं होतं. पार्हेलियात ते नव्हतं. मांडवाच्या मागच्या कापडावरही तो इमानेइतबारे नक्षी काढत बसायचा. रस्ता रुंद होता, पण त्यावरून निम्मा माल टाकून देण्यासाठीच धावत होता. बहुतेक खेळांत तो मागे पडला, आणि ऑगस्टमध्ये एटीआयचं रेडिऑन ९७०० प्रो आल्यावर उरलंसुरलं बोलणंही थांबलं.

मॅट्रॉक्स खेळाच्या मैदानातून निघून गेली. नियंत्रण कक्ष, भिंतभर पडदे, एका टेबलावर चार-चार मॉनिटर लागणारी कामं, हे तिचं नवं घर. २०१४ मध्ये तिने पुढच्या कार्डांत स्वतःचे नव्हे, एएमडी या दुसऱ्या कंपनीचे चिप वापरणार असल्याचं जाहीर केलं. २०२३ च्या लुमा कार्डांत इंटेलचा आर्क चिप आहे, आणि त्यातलं एक तर पंख्याविना चालतं. लुमाच्या घोषणेची वाट पाहत कोणा पोराने सुट्टी घालवली असेल असं वाटत नाही. गिऱ्हाईक वेगळं आहे.

(दृश्य : रात्र. इमारतीच्या गच्चीवरचे कूलिंगचे पंखे, खालून.)

आता या इमारतीकडे पुन्हा बघा. सर्व्हरला खेळ खेळायचा नसतो. तो चालू होताना चार ओळी दाखवायला मात्र काहीतरी लागतं. त्यासाठी डेल आणि एचपीच्या कित्येक सर्व्हरांत, देखरेख करणाऱ्या छोट्या चिपाच्या पोटात, मॅट्रॉक्सचा जी२०० बसवलेला असतो. मूळ जी२०० १९९८ चा! आला तेव्हा त्याच्याकडे धड ओपनजीएल ड्रायव्हरही (खेळाची भाषा चिपाला समजावणारा प्रोग्राम) नव्हता, म्हणून आम्ही त्याला हसायचो. लिनक्समध्ये त्याच्या ड्रायव्हरचं नाव आजही एमजीएजी२०० आहे. त्यातला पहिला 'एम' मॅट्रॉक्सचा.

हे मला मित्राकडूनच कळलं. रात्री अडीचला त्याने फोन केला. "अरे, झोपलास का? बूटच्या ओळींत कोण दिसलं सांगू?"

(दृश्य : कळवा, मित्राचं घर.)

आज त्याला महाप्याला जावं लागलेलं नाही. तो देखरेखीचा चिप सर्व्हरचा पडदा नेटवर्कवरून घरी पाठवतो. टेबलावर लॅपटॉप आणि दोन्ही अंगांना स्वस्तातले दोन मॉनिटर. डावीकडे बायकोने लावलेली मालिका आवाज बंद करून चालू आहे, उजवीकडे तक्रारींची यादी. मधल्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी एकेक करून उमटताहेत. अक्षरं रेखीव आहेत.