कन्व्हर्टर लावा आणि आठ पावलं मागे या

(इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'टेलिकन्व्हर्टर : निवड आणि वापर'. निवडीकडे मी येणार आहे. पण वापराबद्दल एक गोष्ट बरेच दिवस मनात साठली आहे, आणि आज इतकी लेन्सवाली मंडळी एका जागी सापडली आहेत, तेव्हा ती आधी सांगून टाकतो.

आपण कन्व्हर्टर, म्हणजे लेन्सचा पल्ला वाढवणारी जोडकाच, भलत्याच कामासाठी विकत घेतो. यशवंत सागर तलावाच्या पलीकडच्या काठावर बदकं बसलेली असतात, पाचशे मिलीमीटरच्या लेन्समधून ती तांदळाएवढी दिसतात, मग वाटतं, चला, दोनचा, म्हणजे दुप्पट करणारा कन्व्हर्टर लावू, हजार मिलीमीटर होतील, काम झालं! काम होत नाही. फोटो मऊ, म्हणजे धूसर येतो, कन्व्हर्टर कपाटात जातो, आणि तो माणूस पुढे भेटेल त्याला सांगत सुटतो की कन्व्हर्टरनं क्वालिटी जाते. माझं म्हणणं असं की जो पक्षी तुम्हाला कन्व्हर्टरशिवाय मिळालाच नसता, त्याच्यासाठी तो लावूच नका. जो कन्व्हर्टरशिवायही मिळाला असता त्याच्यासाठी लावा, आणि मग मागे या.

आता हे असं का, त्यासाठी आत काय आहे ते थोडक्यात बघू. कन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा ऋण भिंगांचा गट. दुर्बिणीतून आकाश बघणारी मंडळी असलंच भिंग एकोणिसाव्या शतकापासून वापरतात, त्याला पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाचं नाव आहे. लेन्सनं तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग हा गट मोठा करून सेन्सरवर टाकतो. समोरची काच तीच, म्हणजे आत येणारा प्रकाशही तेवढाच. उंडा तेवढाच ठेवून पोळी मोठी लाटली की ती पातळ होणार. १.४ च्या कन्व्हर्टरमध्ये तोच प्रकाश दुप्पट क्षेत्रावर पसरतो म्हणून एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो, दोनच्या कन्व्हर्टरमध्ये चौपट क्षेत्रावर पसरतो म्हणून दोन जातात. ५०० एफ ४ चं ७०० एफ ५.६ होतं (एफचा आकडा वाढला की उजेड कमी). ३०० एफ २.८ ला दोनचा लावला की ६०० एफ ५.६.

इथं बरेच लोक घाबरतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनक्षमता, दुप्पट झाला, दाणे येणार! पण थांबा, सेन्सरवर पक्षीही मोठा झालाय की. शटरचा वेग तोच ठेवलात तर त्या पक्ष्याकडून सेन्सरवर आलेला एकूण प्रकाश कन्व्हर्टरशिवाय होता जवळजवळ तेवढाच आहे. कन्व्हर्टर न लावता क्रॉप करून पक्षी तेवढाच मोठा केलात तर दाणेही साधारण तेवढेच दिसतील. फरक पिक्सेलचा. ४५ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पटीनं कापला की साडेबावीस उरतात, दुपटीनं कापला की अकरा. साडेबावीसात भिंतीवर लावण्याजोगा मोठा प्रिंट सुखानं निघतो, म्हणून कधी कधी नुसता क्रॉपही पुरतो, हेही मी मान्य करतो.

मग क्वालिटी जाते कुठे? थोडी कन्व्हर्टरच्या काचेत जाते. लेन्समध्ये जो काही दोष असेल तोही तो मोठा करून दाखवतो. पण आपल्या माळव्यात सगळ्यात जास्त क्वालिटी जाते ती हवेत.

आपल्यातल्याच एका तरुण मित्राची गोष्ट सांगतो. सहाशे एफ ४, वर दोनचा कन्व्हर्टर, भक्कम ट्रायपॉड, म्हणजे साधनांत काही कमी नाही. जानेवारीतली सकाळ, अकरा वाजत आलेले, यशवंत सागरच्या पाण्यापलीकडे चक्रवाकांची जोडी. घरी जाऊन फोटो उघडले तर पिसं वितळल्यासारखी, डोळ्याची कड तुटलेली. कन्व्हर्टर खराब आहे, विकून टाकतो, असं म्हणायला लागला. मी म्हटलं, फोटो दाखव, आणि एकामागून एक घेतलेले सगळे दाखव. त्यात एक बरा, पुढच्यात चोच वाकडी, त्याच्या पुढच्यात चोच नीट पण पाठीवर लाट आलेली. मंडळी, ही खूण लक्षात ठेवा. ट्रायपॉड घट्ट आहे, पक्षी बसलेला आहे, आणि तरी प्रत्येक फोटोतला मऊपणा वेगळा आहे, तर दोष हवेचा. सगळ्या फोटोंत मऊपणा सारखा असेल, तर फोकस नाहीतर काच तपासा. रात्रीचं गार पाणी, वर उन्हानं तापत जाणारी जमीन, दोन्हींमधली हवा थरथरते, आणि दोनशे मीटरची अशी हवा बाराशे मिलीमीटरमधून बघितली की ती थरथरही मोठी होऊन दिसते. त्याला मी त्याच कन्व्हर्टरनं दहा मीटरवरच्या विटांच्या भिंतीचा फोटो काढायला लावला. विटेवरचे खडे मोजता येत होते. कन्व्हर्टर अजून त्याच्याकडेच आहे.

(हीच गत गाडीच्या खिडकीतून फोटो काढणाऱ्यांची. हिवाळ्यात आत हीटर, काच खाली, आणि लेन्सच्या तोंडाशीच गरम-गार हवेची मिसळ. हीटर बंद करा, इंजिनही बंद करा, पाच मिनिटं थांबा.)

म्हणजे लांबचा पक्षी हवेनं खाल्ला. उरला जवळचा. सिरपूरला बांधावर उभे राहा. धार रोडवरचा आपला सिरपूर तलाव आणि यशवंत सागर, दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, हे इथं सांगायला नकोच. काठाला वंचक, म्हणजे छोटा बगळा, बसलेला असतो. पाचशेच्या लेन्सनं तो फ्रेममध्ये छान बसावा तर तुम्हाला पंधरा मीटरवर जावं लागतं. पंधरा मीटरवर गेलात की बघा काय होतं. त्याची मान ताणते, चोच जरा वर होते, पिवळा डोळा पाण्यावरून निघून तुमच्यावर येतो. तो उडत नाही, म्हणून आपल्याला वाटतं त्याची हरकत नाही. पण त्याची शिकार थांबलेली आहे. आता १.४ लावा आणि एकवीस मीटरवर या. सहा मीटर, म्हणजे आठ-नऊ पावलं. फ्रेममध्ये तो तेवढाच मोठा आहे. थोडा वेळ गेला की मान खांद्यात जाते, डोळा परत पाण्यावर. मासा पकडतानाचा फोटो तुम्हाला तिथं मिळेल, पंधरावर तो मिळणार नाही. छोटा खंड्याही तसाच. डोकं वर-खाली करायला लागला की समजा तुम्ही पुढे आला आहात.

आता मनातलं खरं दुखणं. अध्यक्ष घड्याळ बघताहेत, पण एवढं बोलू द्या.

यशवंत सागर हे आपल्या भागातलं सारसांचं मोठं घर आहे. होळकरांच्या काळात गंभीर नदी अडवून झालेला तलाव, इंदूरला पाणी पाजणारा, आणि त्याच्या मागच्या उथळ पाण्यात पावसाळ्यात सारस घरटं करतात. घरटं म्हणजे पाण्यातून वर आलेला गवताचा, लव्हाळ्याचा ढीग. अंडी बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीनं महिनाभर बसतात. उडणाऱ्या पक्ष्यांमधला हा सगळ्यांत उंच, माणसाच्या उंचीचा पक्षी, जगभरात धोक्यात आलेला, आणि तो आपल्या शहराच्या इतक्या जवळ घर करतो.

एका पावसाळ्यात हातोदच्या बाजूला बांधावर उभा होतो. बारीक पाऊस होता. एका जीपमधून चार-पाच जण उतरले, अंगावर जंगली छापाचे कपडे, हातात चांगल्या लेन्स. शेतकरी शेजारीच होता. तो म्हणाला, "भैया, जोड़ा अंडे पे बैठा है, यहीं से देख लो." त्यांनी मान डोलावली आणि गुडघाभर पाण्यात उतरले. बसलेला सारस आधी नुसता बघत राहिला. मग उठला. मग चार पावलं बाजूला झाला, पंख अर्धे उघडून उभा राहिला आणि ओरडायला लागला. दुसरा पलीकडच्या गवतातून धावत आला. दोन्ही पक्षी त्या लोकांच्या आणि घरट्याच्या मध्ये, आणि ढिगावर ती दोन अंडी उघडी, पावसात. बाभळीवर कावळे होते. ही मंडळी फोटो काढत राहिली. शेतकऱ्यानं शेवटी हाका मारून त्यांना बाहेर बोलावलं.

पुढे त्यातल्या एकाचा फोटो एका ग्रुपवर आला. पंख पसरलेला, मान ताणलेली, चोच उघडी. खाली लोकांनी लिहिलं, काय सुंदर नृत्य! मंडळी, ते नृत्य नव्हतं. अंड्यांवरून उठवलेल्या पक्ष्याची ती किंकाळी होती. मी त्या गृहस्थांना विचारलं, बांधावरून का नाही काढला? ते म्हणाले, तेवढ्या लांबून कन्व्हर्टर लावावा लागला असता, क्वालिटी जाते.

हे वाक्य मला अजून टोचतं. आता हिशेब बघा. सहाशेच्या लेन्सला फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, शंभर मीटरवर सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच दृश्य दिसतं. घरट्यासकट सारस त्यात आरामात बसतो. १.४ लावला की तीच चौकट एकशे चाळीस मीटरवरून मिळते. आणि इथं हवेची भीती कमी असते, कारण पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, जमीन तापलेली नसते. उजेड कमी, एक स्टॉप गेलेला, हे खरं. पण अंड्यांवर बसलेला पक्षी हलतच नाही! ट्रायपॉडवर १/२५० नं काढा, अडचण कुठली? आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगली पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही धरलेलं आहे. बंदूक लागत नाही. फोटो मऊ आला तर परत काढता येतो. गार पडलेली अंडी परत उबत नाहीत. मला विचाराल तर घरट्याचे फोटो काढूच नयेत. पण जे काढणारच आहेत त्यांच्या पिशवीत १.४ असलाच पाहिजे, आणि पाय बांधावर.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आता निवड, भरभर सांगतो, लिहून घ्या.

पहिला कन्व्हर्टर १.४ चाच घ्या. दोनचा फक्त एफ २.८ च्या, आणि फार झालं तर एफ ४ च्या चांगल्या प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सवर. १५०-६०० सारख्या झूमना, जिथं सहाशेला एफ ६.३ असतो, १.४ लावला की एफ ९ होतं. जुने डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे, एफ ५.६ पर्यंत नीट ऑटोफोकस करतात, काही चांगले एफ ८ पर्यंत, तेही बहुतेक मधल्या बिंदूंवर. मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेरावाल्यांना ही चिंता उरलेली नाही. कॅननच्या ६०० आणि ८०० एफ ११ या लेन्स २०२० मध्ये आल्या, त्या एफ ११ वरच फोकस करतात. फक्त कमी उजेडात वेग मंदावतो हे लक्षात ठेवा.

लेन्सच्याच कंपनीचा घ्या, आणि आधी बसतो का ते बघा. कन्व्हर्टरची पुढची काच लेन्सच्या आत शिरते, सगळ्या लेन्समध्ये तेवढी जागा नसते. कॅननच्या आरएफ १००-५०० ला कन्व्हर्टर फक्त ३०० ते ५०० च्या मध्येच चालतो, शंभरपर्यंत मागे येताच येत नाही. निकॉनच्या २०२२ च्या ४०० एफ २.८ आणि ६०० एफ ४ मध्ये १.४ लेन्सच्या आतच आहे, खटका दाबला की लागतो. धूळ नाही, पक्षी समोर असताना खोलाखोल नाही. परवडत असेल त्यानं दुसरं काही बघू नये.

वापरताना शटर नव्या फोकल लेंथचा धरा, पाचशेचे सातशे झालेत. हातात धरून १/१००० च्या खाली नको. दोनचा असेल तर डायफ्रॅम, म्हणजे लेन्सचं छिद्र, अर्धा-एक स्टॉप बंद करा, कडा सुधारतात. त्याच अंतरावर १.४ नं खोली, म्हणजे फोकसमध्ये येणारा पट्टा, साधारण सत्तर टक्के राहते आणि दोननं निम्मी, तेव्हा फोकस डोळ्यावरच. लेन्सवरचं फोकस लिमिटर, म्हणजे फोकस ठरावीक अंतरातच शोधायला लावणारा खटका, लावा, नाहीतर चुकलेला फोकस इकडून तिकडे भटकत बसतो. डीएसएलआर असेल तर फोकसची फाइन ट्यूनिंग कन्व्हर्टरसकट वेगळी करा.

आणि एक फायदा कुणी सांगत नाही. कन्व्हर्टरनं लेन्सचं किमान फोकस अंतर बदलत नाही, मोठेपणा मात्र वाढतो. शिंजीर फुलावर असेल, फुलपाखरू असेल, तर तेवढ्याच अंतरावरून ते १.४ पट मोठं मिळतं. मागच्या रांगेतल्या काकूंनी मघाशी चहाच्या वेळी शिंजीरबद्दल विचारलं होतं, त्यांना हेच उत्तर.

बाकी प्रश्न आता घेता येणार नाहीत, पुढची मंडळी दारात उभी आहेत. रविवारी सकाळी साडेसहाला सिरपूरच्या बांधावर येतोय. कॅनन आणि निकॉन, दोन्ही माउंटचे १.४ बरोबर असतील, ज्यांना लावून बघायचेत त्यांनी लेन्स घेऊन या. ट्रायपॉड ज्याचा त्यानं आणावा, आणि गाड्या बांधाच्या अलीकडेच लावाव्यात.