गळतं कुठे आणि येतं कुठून

मित्रहो, टू-स्ट्रोक इंजिनाच्या मोटरसायकलीचा धूर ज्याच्या ओळखीचा नाही असा माणूस आज इथे आला नसणार, म्हणून प्रस्तावना टाळतो. एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या, जोडातून ओघळणारं काळं तेल थांबवायचं कसं, हा आजचा विषय. त्याकडे येतोच. पण एक सल बरीच वर्षं मनात आहे, ती आधी सांगू द्या.

माझ्याकडे जुनी जावा २५० आहे. सिलिंडर एक, एक्झॉस्टचे पोर्ट दोन, सायलेन्सर दोन. दोन्ही बेंडपाइपच्या, म्हणजे सिलिंडरपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाइपच्या, नटांखालून तेल झिरपायचं, खाली फिनांवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, काळा थर जमायचा. एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी जोडावर सिलिकॉन थापलं. सिलिकॉनला तिथली उष्णता सोसत नाही आणि पेट्रोल तर अजिबात सोसत नाही. महिन्याभरात त्याची सालं निघाली. मग दोरीचं पॅकिंग भरलं. मग नट इतका आवळला की सिलिंडरचे आटेच गेले. असा सिलिंडर पुन्हा कुठून आणायचा? त्या आट्यांचं दुःख मला आजही आहे.

आणि या सगळ्या काळात गिअर ऑइल कमी होत होतं. मी दरवेळी भरत होतो. दोन्ही पाइप सारखेच का गळतात आणि गिअर ऑइल जातं कुठे, हे दोन प्रश्न कुणी एकत्र मांडलेच नाहीत. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी पाइपला हात न लावता आधी गिअर ऑइलची पातळी बघितली आणि म्हणाले, "क्लचच्या बाजूचं सील गेलंय."

बघा, पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये, म्हणजे त्याच्या खालच्या बंद पेटीत, ओढ निर्माण होते. त्या ओढीनेच कार्ब्युरेटरमधून हवा, पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण आत येतं. पण वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत क्रँकच्या सीलचं, म्हणजे ही पेटी क्लचपासून बंद ठेवणाऱ्या कड्याचं, रबर कडक होतं, आणि मग तीच ओढ क्लचकडचं तेल, म्हणजे गिअर ऑइलही, खेचते. ते अर्धवट जळतं, पांढरा दाट धूर होतो आणि उरलेलं पाइपमध्ये साचतं. जोड त्याला फक्त वाट देतो.

जाता जाता, पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाच्या प्रमाणाबद्दल. लिटरमागे ४० मिली म्हणजे २५:१. गाडीच्या पुस्तकात जे प्रमाण असेल तेच ठेवा. 'थोडं जास्त असू दे, इंजिन जपलं जाईल' म्हणून हात सैल सोडणारे खूप आहेत. तेल वाढलं की त्याच मापात पेट्रोल घटतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन उलट जास्त तापतं. शिवाय चिकटा वाढतो तो वेगळाच.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. तेव्हा मूळ मुद्दा भराभर सांगतो.

आधी गिअर ऑइल बघा. ते कमी होत असेल तर दोष सीलचा धरा. होत नसेल तर प्लग काढा. काळा आणि ओला असेल तर चोक पूर्ण उघडतोय का, एअर फिल्टर तुंबलाय का, कार्ब्युरेटरची सुई जास्त वर आहे का, हे तपासा. मग सायलेन्सरचा बॅफल, म्हणजे आवाज दाबणारी आतली नळी, बाहेर काढा. तो काजळीने बुजला की आतला दाब जोडातून वाट काढतो. बॅफल लोखंडी असेल तर उघड्यावर ज्योतीने तापवून काजळी जाळा. कॉस्टिक सोडा वापरणार असाल तर ॲल्युमिनियमपासून दूर ठेवा, तो धातू खातो.

जोडाचं काम सगळ्यात शेवटी. पाइपची कड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा. जोडातली तांब्याची रिंग जुनी असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून गार करा. दाबून कडक झालेलं तांबं त्याने पुन्हा मऊ होतं आणि खाचेत नीट बसतं. नट बसवताना पाइप सायलेन्सरच्या बाजूने ढिला ठेवा. आधी सिलिंडरकडचा नट, मग मागचे क्लॅम्प. उलट केलंत तर पाइप ताणला जातो आणि रिंग एकाच बाजूला दबते.

एक फेरी मारून या, इंजिन गार होऊ द्या आणि नट पुन्हा एकदा आवळा, बेताने. सायलेन्सरमध्ये आधीचं तेल साचलेलं असतं. ते जळून जाईपर्यंत थोडं ओघळेल, तेवढ्यावरून पुन्हा खोलायला बसू नका.