परसातला वटवट्या: एक प्रजाती की दोन?

हा जो आंब्याच्या शेंड्याला पानापानाखाली डोकावत किडे टिपतोय ना, तो ग्रीनिश वॉर्बलर, थंडीतला आपला वटवट्या, वजन दहा ग्रॅमच्याही आत आणि एका जागी दोन सेकंद बसेल तर शपथ. आता इथे फ्रेम थांबवलीय, नीट बघा. डोळ्यावरून लांब फिकट भुवई, पंखावर एकच बारीक पट्टी, आणि पिसं झिजली की तीसुद्धा दिसत नाही. म्हणून फोटोवरून वाद घालत बसू नका, आधी कान द्या.

ऐकलंत? चिस्-ली, चिस्-ली. दोन तुकडे. हिवाळाभर स्वतःचा इलाका राखायला तो हेच ओरडत असतो. याचाच भाऊबंद ग्रीन वॉर्बलर कॉकेशस पर्वतरांगेकडून सह्याद्रीत येतो, अंगानं जास्त पिवळसर आणि हाक तीन तुकड्यांची. तो आधी ग्रीनिशचीच उपप्रजाती, म्हणजे त्याच प्रजातीतला एका भागातला गट, धरायचे, आता वेगळी प्रजाती मानतात.

खरी गंमत या नकाशात आहे. मधे तिबेटचं उघडं पठार, म्हणून हे पक्षी विणीला कडेकडेच्या जंगलांत. हिमालयातून पश्चिमेच्या बाजूनं वर जा, गाणं थोडं थोडं बदलत जातं, पूर्वेनं चीनमधून वर जा, तिकडेही बदलतं पण वेगळ्या वळणानं, आणि सायबेरियात दोन्ही टोकं समोरासमोर आली की एकाचं गाणं दुसऱ्याला आपलं वाटतच नाही! पक्षितज्ज्ञ क्लॉड टाइसहर्स्टनं पठाराभोवतीच्या या वर्तुळाची कल्पना 1938 मध्ये मांडली, मग जीवशास्त्रज्ञ डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी ठिकठिकाणची गाणी रेकॉर्ड केली, नरांना स्पीकरवर ऐकवली, डीएनए तपासला आणि 2001 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापलं. 2014 मध्ये जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा संच, तपासल्यावर कळलं की पूर्वी वर्तुळ मधेमधे तुटलेलं होतं, म्हणजे शेजारच्या गटांतला संकर थांबला होता, आणि टोकांमध्येही क्वचित संकर झालाय.

आमचं मत विचाराल तर सायबेरियातले ते दोघं दोन प्रजातीच, कारण जोडीदार निवडताना पक्षी स्वतःच फरक करतायत, कागदावर काही का असेना. पण मग खाली हिमालयात रेघ कुठे मारणार, तिथे तर एकातून दुसरा कधी सुरू होतो ते दाखवताच येत नाही, आणि म्हणूनच उपप्रजाती म्हणजे दुय्यम काहीतरी हा समज आधी सोडायला हवा. यादीत एकत्र टाकलं की कोण कमी होतंय हेही एकत्रच मोजलं जातं.

तुमच्या झाडावर असा कोणी आला तर मोबाईल काढा, हाक रेकॉर्ड करा, तुकडे मोजा आणि नोंदीला ती क्लिप जोडा.